पोटाची साक्ष

"पोटात आग पडते. सून सूपमधून विष घालते. हिच्या आईनंही दोन नवरे असेच पचवले," असं म्हणत फाउस्तिनानं आपल्या खुराड्यातलं गिनीपिग वैदूच्या हातात दिलं. वैदूनं ते जिवंतच तिच्या पोटावरून तीनदा फिरवलं. रोग्याचं दुखणं त्याच्यात उतरतं, मग ते चिरून बघायचं, ही इथल्या डोंगरातली रीत. आत विषाचा एक जरी काळा डाग निघाला, तरी सुनेनं, नेलिदानं, आजच घर सोडायचं, असं तिच्या नवऱ्यानं तिला बजावलं होतं.

वैदूनं सुरी चालवली. अन्ननलिका, चिरून उघडलेलं जठर, यकृत, मग लांबच लांब आतडं त्यानं बोटांनी चाचपलं.

"सगळं स्वच्छ आहे, बाई. पण जठरात शिजलेला बटाटा कसा? हे तर गवत खातं."

फाउस्तिनानं मान वळवली. "तीन आठवडे हिचं सूप मी त्यालाच घालतेय. विष असलं तर आधी ते मरेल म्हणून."

"मग तुमच्या पोटातली आग भुकेची आहे," वैदू म्हणाला.

नेलिदानं ते चिरलेलं गिनीपिग उचललं आणि सासूच्या मांडीवर ठेवलं.

"तीन आठवडे माझ्या हातचं खाऊन हे टुणटुणीत होतं, सासूबाई. मारलंत तुम्ही."