शेवटच्या ओळीतली चूक

"मुलगी फळ्यापाशी आहे. सरांनी तिची वही मागितलीय," मुलाखतीच्या खोलीतून बाहेर येत शिपाई बाईंना म्हणाला.

वर्षभराची वही त्यांच्याच मांडीवर होती. ती देऊन त्या पुन्हा बाकावर टेकल्या.

"एवढं काय घाबरताय, बाई?" शेजारी बसलेला मुलीचा मामा म्हणाला. "तुम्ही शिकवलंय म्हणजे झालंच की! मी एकदा डोकावलो त्या वहीत. आकडा औषधालाही नाही, नुसती अक्षरं. म्हटलं, हे गणित आहे की कुणाचं पत्र?"

बाई ओठांपुरत्या हसल्या.

आजच्या मुलाखतीत निवड झाली, तर मुलीला शाळेत असतानाच विद्यापीठाच्या गणिताच्या वर्गात बसता येणार होतं. जागा एकच. त्यासाठी शाळा सुटल्यावर बाई तिला रोज तासभर शिकवत होत्या. पहिले चार धडे त्यांनी खरोखर शिकवले. पाचव्यात अनंत श्रेणी आली आणि त्यांचं घोडं अडलं. पोरगी मात्र सुसाट.

मग बाई म्हणायच्या, "तू सोडवून आण, मी तपासते." पुस्तकामागच्या उत्तरांशी शेवटची ओळ ताडून बघायच्या. तिथे एखादी चूक हमखास मिळायची, अधिकच्या जागी उणे. "बघ, घाई नडली," असं म्हणताना त्यांना हायसं वाटायचं. मधल्या पानभर सिद्धतेतलं त्यांना ओ की ठो कळत नसे.

खरं सांगून टाकायचं, असं त्या रोज सकाळी ठरवायच्या. संध्याकाळी जीभ रेटत नसे.

"बाई, आत बोलावलंय," शिपाई म्हणाला.

मुलगी दुसऱ्या दारानं बाहेर गेली होती. प्राध्यापक वही चाळत होते.

"पानोपानी एक चूक. तीही शेवटच्या ओळीत. धांदरट मूल या वर्गात टिकत नाही. तुम्ही काय म्हणाल?"

बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली.

"सर, तिला बोल लावू नका. दोष माझा आहे. पाचव्या धड्यापासून मलाच काही येत नव्हतं. मी नुसती उत्तरं बघून तपासत होते. कुणी जाणकार असतं, तर तिची ही खोड केव्हाच मोडली असती. माझ्यापायी तिची जागा घालवू नका."

बोलून झाल्यावर त्यांना प्राध्यापकांकडे बघवेना.

प्राध्यापकांनी चष्मा काढून ठेवला. "तिनं आत्ता फळ्यावर सात गणितं सोडवली. एकातही चूक नाही. जागा तिचीच आहे. मी तिला एवढंच विचारलं, की मग वहीतच का चुकतेस?"

"काय म्हणाली?"

"म्हणाली, मुद्दाम ठेवते. चूक सापडली नाही, तर बाईंना मधलं सगळं समजल्यासारखं दाखवावं लागतं, आणि तेव्हाचा त्यांचा चेहरा मला बघवत नाही."