ग्रहणातली काकडी

केतकी काकडी चिरत होती. ग्रहण लागलं होतं, तिला सातवा महिना होता आणि सिन्नरजवळच्या त्या गावातल्या बायका आपापल्या दारातून तिच्याकडे बघत होत्या.

सूर्यावर पीएचडी केल्यावर परदेशातलं संशोधन नाकारून तिने विज्ञान केंद्रात नोकरी धरली, तेव्हा मार्गदर्शक म्हणाले होते, "म्हणजे आता गावोगाव खेळ दाखवणार?" ती "हो" म्हणाली होती. आज सकाळी आईचा फोन आला. "लोकांना काय सांगायचं ते सांग. तू मात्र घरात बस." आई विज्ञानाची निवृत्त शिक्षिका होती.

ग्रहणात गरोदर बाईने काही चिरलं तर बाळाचा ओठ फाटतो, असं गाव मानत होतं. केतकीने आकृत्या काढून अर्धा तास समजावलं. कुणी हललं नाही, म्हणून तिने सुरी मागितली.

काकडी संपत आली तेव्हा गावातली पूनम गायधनी, तीही गरोदर, पोट सावरत बाहेर आली. "मलाही द्या एक फोड," ती म्हणाली, "पण मी चिरते."

पुढचे दोन महिने केतकीला धड झोप लागली नाही. ग्रहणाने ओठ फाटत नाही, हे तिला ठाऊक होतं. पण एखाद्या बाळाचा ओठ तसाही फाटलेला असतो. ते बाळ पूनमचं निघालं, तर त्या गावात विज्ञान संपलं.

एका दुपारी पूनमचा फोन आला. "मॅडम, मुलगी झाली. ओठ छान आहे." मागे बाळ भोकाड पसरून रडत होतं. "थांबा, आत जाते, तुम्हाला ऐकू येत नसेल."

"नको," केतकी म्हणाली. "रडू दे थोडं."