जिभेवर ठेवताच

दम्याच्या गोळीचा कडूपणा घालवता घालवता संशोधक बाईंच्या जिभेची पार वाट लागली होती. पण गोळी झाली झकास. चवीला गोड, आणि जिभेवर ठेवताच विरघळणारी! ओल लागू नये म्हणून पाकीट मात्र भलतंच चिवट. "साहेब, धाप लागलेल्या माणसाला हे फाडता यायचं नाही हो," असं बाई सांगत राहिल्या. कंपनीच्या साहेबांनी ते कानाआड केलं.

उद्घाटनाच्या भाषणातच साहेबांचा जुना दमा उसळला. पाकीट नखांनी फाटेना, दातांनी तुटेना. साहेब निळे पडायला लागले, तेव्हा बाईंनी फीत कापायची कात्री उचलली, पाकीट कापलं आणि गोळी त्यांच्या तोंडात कोंबली.

साहेबांच्या जिवात जीव आला.

"बाई," ते धापा टाकत म्हणाले, "कात्रीसुद्धा आपणच विकू!"