दहा हजार सात चिरे

“बाय, तीन वाटे पडणत नाय,” सगुण म्हणाला. “आमचो काय दोष? आकडोच तसो आसा.”

आकडा दहा हजार सातचा होता. बापाने घर बांधायला म्हणून पेडण्यातल्या अंगणात रचून ठेवलेले चिरे. पण घराआधी बापच आटोपला. आता दोघे भाऊ आपापलं घर बांधणार होते. डिचोलीला दिलेली बहीण सुमंगला गोव्याच्या कायद्याने तिसरी वाटेकरीण. कायदा भावांना मान्य होता. गणिताला तो मान्य नाही, एवढंच त्यांचं म्हणणं.

“आनी दोन पडतत?” सुमंगलाने विचारलं.

भावांनी गोपाळमामांकडे पाहिलं. मामा हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झाले होते, म्हणून त्यांना साक्षीला आणलेलं.

“दोनही पडत नाहीत. मूळ संख्या आहे ही,” मामा म्हणाले. स्वतःच्या मुलाबद्दल कधी नव्हता एवढा अभिमान त्यांच्या आवाजात होता. “कशानेही भागून बघा. एक तर सगळे एकालाच, नाहीतर दहा हजार सात जणांना एकेक.”

“मगे वरचे दोन बाजूक ठेवा नि बाकीचे वाटा,” सुमंगला म्हणाली.

“बाजूक म्हणजे कोणाच्या बाजूक?” धाकट्या सुदेशने विचारलं.

सुमंगलाने ओढणी कमरेला बांधली, भिंतीला टेकवलेला पिकाव उचलला आणि दोन चिरे फोडले. तांबडा भुगा सगुणच्या पांढऱ्या पँटवर उडाला.

“आता, मामा?”

मामांनी ओठ हलवत आकड्यांची बेरीज केली. “सहा. तिनाने जातो. प्रत्येकी तीन हजार तीनशे पस्तीस.”

सुदेशने तिच्या हातातला पिकाव हिसकावला आणि एक चिरा फोडला. “आता?”

“आता दोनच वाटे,” मामा नाइलाजाने म्हणाले. “पाच हजार दोन.”

त्याने टाकलेला पिकाव उचलून सुमंगलाने आणखी दोन फोडले.

मामा खुर्चीवरून उठलेच. “थांबा! दहा हजार दोन! दोनही वाटे पडतात, तीनही पडतात. आता कोणी हात लावू नका!”

म्हणजे बहिणीचा वाटा पडत होता. सगुणने पँट झटकली, तिच्याकडून पिकाव ओढून घेतला आणि एक फोडला.

मामा परत बसले. दोनाने नाही, तिनाने नाही, पाचाने नाही, साताने नाही. भावंडं त्यांच्या ओठांकडे बघत उभी. बऱ्याच वेळाने त्यांनी घाम पुसला.

“आता हे सारखे वाटायला निदान त्र्याहत्तर भावंडं लागतील.”

“बरा झाला, देवान भाव दोनच दिल्यान,” सुमंगला म्हणाली आणि पिकावासाठी हात पुढे केला.