लांबचा रस्ता

व्हाळावरचा साकव मधोमध खचला होता. माणूस कडेकडेने चालत जाऊ शकत होता, पण गाडी घातली तर थेट खाली व्हाळाच्या पाण्यात. पलीकडच्या तोंडाला ‘रस्ता बंद’ची पाटी होती, पण वाचतो कोण? मोबाइलमधली बाई ‘सरळ जा’ म्हणाली की पाहुणे सरळ जात. गावाने आडव्या टाकलेल्या फांद्याही काल एकाने उतरून बाजूला केल्या आणि गाडीची पुढची चाके लोंबकळत ठेवली.

आणि आज सुगंधाची लेक संचिता तान्ह्या मुलाला घेऊन पुण्याहून येत होती. जावई असा, की मॅपने सांगितले तर विहिरीतही गाडी घालील. सकाळपासून सुगंधा फोन लावून दमली. लागेल तर शपथ.

दुपारी कट्टा गावावरून जाणाऱ्या लांबच्या रस्त्याने येऊन गाडी घरापुढच्या खळ्यात उभी राहिली, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला.

“मॅप जवळचा रस्ता दाखवत होता, आई,” जावई कुरकुरला. “पण हिने पुढे जाऊच दिलं नाही.”

“कशी जावक देतलंय?” संचिता म्हणाली. “साकवाच्या तोंडार, भर रस्त्यात कोणीतरी उतारो ठेवलेलो आसा. फोडलेलो नारळ, लिंबू, कुंकू! बाळाक घेऊन तो ओलांडू?”

“असली कामा कोण मेलो करता, देवाक म्हायत!” सुगंधा करवादली. नातवाला घ्यायला तिने हात पुढे केले, आणि अजून लाल असलेली बोटे दिसताच आधी पदराला पुसली.