पंधरा दिवसांची सुई

पाहुण्यांची पावलं जिन्यात वाजली तशी बेगमबीनं फ्रीज उघडला आणि इंजेक्शनची खोकी दुधाच्या पातेल्यामागं ढकलली.

“अर्शिया, सुईबद्दल चकार शब्द काढायचा न्हाई. आधीचे दोन रिश्ते तुझ्याच तोंडानं मोडले.”

अर्शिया ओढणी सारखी करत हसली. ती भूकंपाच्या साली जन्मलेली. त्यामुळं लातुरात तिचं वय कुणाला बोटं मोजून काढावं लागत नसे, आणि तिच्या अम्मीला, बेगमबीला, लपवताही येत नसे. सव्वीस सरलं होतं.

एका कोचिंग क्लासमध्ये ती डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरापोरींना जीवशास्त्र शिकवायची. तीन वर्षांखाली तिचे हात सुजले. सकाळी बोटं अशी आखडायची की खडू धरवत नसे. वेणी अम्मी घालून द्यायची. वर्षभर गोळ्या खाऊन फरक पडेना, तेव्हा डॉक्टरांनी समजावलं. शरीराची राखण करणारी फौज सांध्यांवरच उलटलीय, एक प्रथिन तिला सारखं चिथावतंय, आणि हे नवं औषध त्या प्रथिनालाच धरून ठेवतं. अर्शिया हा धडा दरवर्षी फळ्यावर काढून दाखवायची. तो आपल्याच बोटांत चालू आहे, हे तिला तिथं कळलं. चौथ्या सुईनंतर एका सकाळी तिनं आपली वेणी आपणच घातली आणि बेगमबी दारात उभी राहून रडली. तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी एक सुई, आपल्याच हातानं.

तिला पाहायला आलेला शहेबाज नांदेडचा. तिथं त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. गादी सोडून त्यानं खुर्ची मागून घेतली. याला आत्तापासूनच नवरदेवाचा थाट पाहिजे, असं अर्शियाला वाटलं. त्याची अम्मी मात्र मोकळी, बोलकी बाई.

“पोरीला घरकामाचं कसं काय?” तिनं विचारलं.

“लई चपळ हात हायत तिचे,” बेगमबी म्हणाली आणि घाईघाईनं पाणी प्याली.

मग दोघांना बोलायला गॅलरीत पाठवलं, दार उघडं ठेवून. खाली क्लास सुटला होता. सायकलींची, दप्तरांची, वडापावची एकच झुंबड. शहेबाज कठड्याला धरून ताठ उभा होता.

“तुम्हाला काही विचारायचंय का?” शेवटी तोच म्हणाला.

अर्शियानं त्याच्याकडं पाहिलं. माणूस भला वाटत होता. तिथंच तर अडचण होती. भल्या माणसाच्या घरात जन्मभर चोरून सुई घ्यायची?

“विचारायचं न्हाई, सांगायचंय. मला संधिवात आहे. तो पुरता जात नाही, ताब्यात राहतो. दर पंधरा दिवसांनी सुई घ्यावी लागते, पुढंही लागेल. अम्मीनं सांगू नको म्हटलं होतं. तुम्ही नाही म्हणालात तरी माझा राग नाही.”

शहेबाजनं आधी मान वळवून आत पाहिलं. दोन्ही अम्म्या गप्पांत रंगल्या होत्या. अर्शियाला एकदम हलकं वाटत होतं. तिसराही रिश्ता गेला, तिनं मनाशी म्हटलं, जाऊ दे.

“फ्रीजमध्ये ठेवावी लागते, ती सुई?” त्यानं विचारलं.

“हाव.”

“कुठं घेता? मांडीत?”

“मांडीत. का?”

“पोटात घेत जा, मांडीत लई आग होती,” तो आवाज खाली आणून म्हणाला. “तीन वर्षं झाली, मी बी पाठीच्या संधिवातासाठी हीच घेऊन राहिलो; आन् माझ्या अम्मीनं जिन्यात शपथ घातलीय, की सुईचं नाव काढायचं न्हाई.”