आठच्या जागी एक

दारावर टकटक झाली तेव्हा बाई एका वाक्याशी झुंजत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. पुन्हा टकटक झाली, आता विभागप्रमुखाच्या अधिकाराची.

"दहाला उघडते, सर," त्या आतूनच म्हणाल्या.

सकाळी नऊ ते दहा बाई दार लावून लिहितात, हे कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना पाठ होतं. एक तास. मग वर्ग, पाचला घर, आणि वर्षाकाठी छापून येणारा एक लेख. सहकारी त्यांना मागून 'तासिका' म्हणायचे. म्हणेनात का. रात्रीचा दिवस करून पाडलेले लेख त्या सहकाऱ्यांना स्वतःलाही दुसऱ्यांदा वाचवत नव्हते.

दहाला दार उघडलं. बाहेरच्या बाकावर सर बढतीच्या अर्जांची फाईल मांडीवर घेऊन अवघडून बसले होते. डोळे तांबारलेले, उजव्या मनगटाला पट्टा. आत येऊन त्यांनी बाईंचा अर्ज पुढे सरकवला. 'पुढील वर्षाचे संकल्पित लेख' या रकान्यात बाईंनी एक लिहिला होता. तो खोडून सरांनी आठ केला होता. सगळ्यांचेच आठ केलेत, त्यांनी समजावलं, आठच्या खाली समिती ढुंकून बघत नाही. मागच्या खेपेला बाईंची बढती याच रकान्यात अडकली होती. आता हुकली तर आणखी पाच वर्षं. दुपारी फाईल जायचीय, तुम्ही फक्त सही ठोका.

बाईंनी आठ खोडला आणि शेजारी पुन्हा एक लिहिला. इतका दाबून, की कागद फाटता फाटता वाचला.

"मॅडम, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय."

"माझाच पाय आहे ना, सर?"

सर चिडले. बाकीचे काय खुळे आहेत का, म्हणाले. दहा वर्षांत त्यांनी स्वतः एक रविवार घरी काढला नव्हता. दवाखान्यात सलाईन चालू असताना प्रुफं तपासली होती. हे सांगताना त्यांची छाती फुगली.

बाईंना राग आला होता, पण त्यांनी आवाज चढवला नाही.

"मागच्या वर्षी तुमचा एकच लेख दोन नियतकालिकांत छापून आला. सगळे म्हणाले, सरांनी लबाडी केली. मी म्हटलं, छे, एकदा पाठवलाय हेच ते विसरले असतील."

सर मनगटाचा पट्टा सारखा करू लागले. खोटं असतं तर बोलले असते.

"माझे अकरा लेख आहेत. झोपेतून उठवून कुठल्याही लेखातलं काहीही विचारा. समितीलाही म्हणावं, विचारा. आणि नाहीच दिली बढती, तर उद्या नऊला मी इथेच बसलेली असेन."

सरांनी टेबलावरचं बाईंचं पेन उचललं आणि त्यांच्या अर्जावर 'शिफारस करतो' याच्याखाली सही केली. मग फाईल मिटायची सोडून ते एकेक अर्ज उलटत राहिले. आठ. आठ. आठ. शेवटी त्यांचा स्वतःचा निघाला. त्यावर बारा होते.

घंटा झाली. हजेरीपट काखेत मारून बाई वर्गावर निघाल्या.

"मॅडम," सर मान वर न करता म्हणाले, "हे पेन जरा राहू दे माझ्याकडे."